फरक तीनच

सातवीचा एक मुलगा यंदा मला पुरून उरला आहे. वर्गात दोन भांड्यांत सरबत केलं होतं. एकात पाच वाट्या पाण्याला दोन चमचे साखर, दुसऱ्यात सहा वाट्यांना तीन. जास्त गोड कोणतं? तो म्हणाला, सारखंच, दोन्हीकडे फरक तीनच. म्हटलं, चाखून बघ. त्याने चाखलं. "सर, दुसरं गोड लागतंय. पण गणितात सारखंच आहे."

चुकीची उत्तरं मी आयुष्यभर ऐकली. गणितासाठी स्वतःच्या जिभेला खोटं पाडणारं पोर मात्र पहिल्यांदाच पाहिलं.

गुणोत्तराच्या जागी वजाबाकी करण्याची ही खोड आपल्याच पोरांची नाही. बर्कलेचे भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट कार्प्लस यांनी 1970च्या सुमारास मुलांना एका बुटक्या आणि एका उंच माणसाचं कोडं घातलं. गुंड्यांनी मोजलं तर बुटका 4, उंच 6. पेपरक्लिपांनी मोजलं तर बुटका 6 भरतो, मग उंच किती? उत्तर 9, पण कितीतरी मुलं 8 म्हणाली. आकड्यांची निवड बघा. 4 आणि 8 घेतले असते तर दुपटीवर सगळे तरले असते आणि मास्तरही खूश. सरावासाठी आपण बहुतेक वेळा तसलेच गुळगुळीत आकडे देतो.

क्लासवाल्यांकडे यावर तिरकस गुणाकाराचा तोडगा आहे. त्यांची मुलं डोळे मिटून 9 काढतात. त्यांनाच विचारावं, एक शर्ट उन्हात तीन तासांत वाळतो, तर चार शर्ट? तितकंच झटपट उत्तर येतं, बारा तास!

मी तरी कोण मोठा? त्रैराशिक आलं की मला 1150 सालची लीलावती आठवते. प्रमाण, फल, इच्छा ही नावं ठसक्यात उच्चारायची, फलाला इच्छेने गुणायचं, प्रमाणाने भागायचं. पोरं भारावतात, मी सुखावतो. तोही तोडगाच, फक्त सोवळ्यातला. त्रैराशिक कुठे लावायचं आणि कुठे नाही, हे त्या ठसक्यात राहूनच जातं.

त्या मुलासाठी मी एक प्रश्न शोधून काढला आणि रात्रभर स्वतःवरच खूश होतो. सकाळी त्याला गाठलं. पाच वाट्यांना दोन चमचे, फरक तीन. चार वाट्यांना एक, फरक तीन. आता तीन वाट्या पाणी, साखर शून्य. फरक?

"तीन."

"मग साधं पाणीही तेवढंच गोड?"

त्याने वहीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"सर, साखरच नाही तर ते सरबत कुठे झालं? ते यात धरायचंच नाही."