घर सातपाटीला, बिऱ्हाड बोईसरला

बोईसरला भाड्याची खोली घेतली तेव्हा आमच्या घरात कुणी समुद्राचं नाव काढलं नाही. सगळ्यांना सांगितलं ते माझ्या रात्रपाळीचं. तारापूर एमआयडीसीतून सुटून बोईसर स्टेशन, पालघर, मग सातपाटीची एसटी, हा फेरा जीव काढतो हे खरंच. पण तीच नोकरी मी लग्नाआधीपासून करत होतो आणि रोज घरीच येत होतो.

हिशेब फिरला 2019 च्या हंगामात. नारळी पौर्णिमेपासून दिवाळीच्या पुढेमागेपर्यंतचे दिवस पापलेटचे. डिझेल, बर्फ, जाळ्यांची डागडुजी, मच्छीमार सोसायटीचा हप्ता, सगळं आमची बोट याच दिवसांत काढते. त्या वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस क्यार चक्रीवादळ आलं, लगोलग महा. दोन्ही वादळं आमच्या किनाऱ्यावर आदळली नाहीत, पण बोटी परत बोलावल्या आणि त्या खाडीत उभ्या राहिल्या. खलाशांना उचल आधीच दिलेली, त्यांचं जेवणखाण चालूच, भरलेला बर्फ विरघळून गेला. यात पंचनामा करायला काही मोडलेलं नसतं. पुढच्या जूनमध्ये निसर्ग, त्यापुढच्या मेमध्ये तौक्ते. तौक्तेत ‘गाल कन्स्ट्रक्टर’ नावाचा बार्ज भरकटत पालघरच्या किनाऱ्याजवळ येऊन रुतला आणि त्यावरच्या 137 जणांना सोडवावं लागलं. बाबा म्हणाले, “मे महिन्यात असा वारा मी नाही पाहिला.” पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेच्या संशोधकांनी 2021 मध्ये हेच आकड्यांत मांडलं: 2001 ते 2019 या काळात अरबी समुद्रातली चक्रीवादळं आधीच्या दोन दशकांच्या तुलनेत 52 टक्क्यांनी वाढली.

सगळं हवामानावर ढकलणं मात्र मला पटत नाही. पर्ससीन जाळीवाले आहेत, ट्रॉलर आहेत, वाढ होण्याआधीच पकडलेलं बोटाएवढं पापलेट आहे. नवापूरला कारखान्यांचं सांडपाणी समुद्रात जातं, आणि त्याच कारखान्यांच्या पगारावर माझं घर चालतं, हेही सांगायला हवं. आमच्या बंदरात गाळ इतका की भरती आल्याशिवाय बोट आत येत नाही. वादळाचा इशारा मिळून परत फिरलेला माणूसही बंदराच्या तोंडाशी पाण्याची वाट बघत थांबतो.

शेवटचा निर्णय घराच्या भिंतीने घेतला. आमचं घर बंधाऱ्यापासून लांब नाही. पावसाळ्यातल्या मोठ्या उधाणाला पाणी दगडांवरून उडून गल्लीत येतं. पूर्वी ते गल्लीतच राहायचं, मग उंबऱ्याच्या आत यायला लागलं. आईने फ्रिज चौथऱ्यावर चढवला, तांदळाचा डबा माळ्यावर गेला. खारं पाणी ओसरलं तरी भिंतीत राहतं, गिलावा दिवाळीपर्यंत पोपडे धरतो. भिंतींचा गिलावा पुन्हा करायचा की बोईसरच्या खोलीचं डिपॉझिट भरायचं? पैसे एकाच गोष्टीपुरते होते.

बोट 2023 मध्ये विकली. त्याच वर्षी सप्टेंबरात सरकारने पापलेटला राज्यमासा जाहीर केलं. बाबांनी बातमी वाचली आणि पेपर घडी करून ठेवला.

आमच्या बोटीवरचे खलाशी डहाणू-तलासरीकडचे. बोट गेल्यावर त्यांतले दोघे गुजरातच्या बोटींवर गेले, एक वेरावळला आणि एक ओख्याला. नोव्हेंबर 2021 मध्ये तिकडच्याच ‘जलपरी’ बोटीवर पाकिस्तानी गोळीबार झाला, त्यात आमच्या जवळच्या वडराईचा तरुण गेला. हे त्या दोघांनाही ठाऊक होतं, तरी गेले. आमच्याकडे विकायला बोट होती, म्हणून आम्हाला बोईसर परवडलं. ज्याच्याकडे विकायला काहीच नाही त्याला समुद्र सोडताच येत नाही, तो फक्त जास्त लांबच्या समुद्रावर जातो.

आई आली नाही. पहाटे बंदरावर लिलावात मासळी घ्यायची आणि पालघरच्या बाजारात बसायचं, हा तिचा शिरस्ता. “माझं गिऱ्हाईक पालघरला, बोईसरला माझं म्हावरं कोण घेईल?” असं तिने विचारलं आणि विषय संपवला. बाबा तिच्याबरोबर राहिले. एकदा कॉलेजची एक मुलगी फॉर्म घेऊन आली. हवामान बदलामुळे घरातलं कुणी गाव सोडून गेलं का, असं तिने विचारलं. “नाही, मुलगा नोकरीसाठी गेला,” आई म्हणाली. मी तिथेच बसलो होतो, मीही मान डोलावली.

विस्थापन इथे नवं नाही. तारापूरच्या अणुऊर्जा केंद्राच्या 3 आणि 4 क्रमांकाच्या युनिटसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. त्या लोकांनी पुनर्वसनासाठी काय काय सोसलं ते आमच्या भागात सगळ्यांना माहीत आहे. पण ते प्रकल्पग्रस्त होते, त्यांची यादी होती. समुद्राने एकेक माणूस उचलून बोईसरला नेला तर यादी कुठे होते? पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 साठी किनाऱ्यांची आणि नद्यांची धूप होऊन विस्थापित होणाऱ्यांच्या पुनर्वसनासाठी देशभर मिळून 1,000 कोटी रुपयांची तरतूद सुचवली होती. पण पैसे असले तरी आधी आपण विस्थापित आहोत हे कागदावर यावं लागतं, आणि आमच्या गल्लीतून गेलेले सगळेच कागदावर नोकरीसाठी गेलेले आहेत.

म्हणून किनाऱ्यावरच्या गाववाल्यांना एवढंच सांगणं: उधाणाचं पाणी घरात शिरलं की त्याच दिवशी फोटो काढा, तारीख घालून तलाठ्याकडे लेखी अर्ज द्या, पोच घ्या. बिऱ्हाड बोईसरला नेलंत तरी गावची घरपट्टी थकवू नका. आणि कुणी फॉर्म घेऊन आलं, तर दोन्ही कारणं सांगा.