एक जूनचे तीन वाढदिवस

आम्ही तिघे. एक पूर्णेचा, एक नांदेडकडच्या खेड्यातला, एक नगरचा. तिघेही चाकणच्या एका कारखान्यात फिटर. कंपनीच्या थायलंडमधील कारखान्यात नवी लाइन उभी करायची होती, म्हणून २०१८ च्या जानेवारीत आम्हाला आठ महिन्यांसाठी तिकडे पाठविले. बँकॉकच्या आग्नेयेला चोनबुरी नावाचा प्रांत आहे. तिथे कारखान्यांची मोठी वसाहत आहे.

पहिल्याच आठवड्यात एक गंमत झाली. ऑफिसातली मुलगी आमची हजेरीकार्डे बनवीत होती. तिकडे बुद्धाब्द चालतो, म्हणून कार्डावर साल पडले २५६१. तिने आमचे तिन्ही पासपोर्ट पुन्हा पुन्हा पाहिले आणि विचारले, "तुम्ही तिघे भाऊ आहात का?" कारण तिघांचाही जन्म १ जूनचा! साले तेवढी वेगवेगळी.

आम्ही हसलो, पण कानशिले गरम झाली. आता तिला काय सांगणार? आपल्याकडे अशी एक जूनची माणसे घरोघर आहेत. आई-बाप अडाणी, जन्माची नोंद नाही. शाळेत नाव घालायला नेले, की गुरुजी पोराकडे बघून वय ठरवायचे आणि १ जून लिहून टाकायचे. त्यात गुरुजींचा दोष नव्हता. तारीख मिळाली म्हणून शाळा मिळाली, शाळा मिळाली म्हणून आयटीआय झाले आणि आयटीआयमुळे पासपोर्ट हाती आला. पण ती तारीख आमची नव्हती. त्यामुळे आम्ही कधी वाढदिवस केला नाही. १४ एप्रिलला आमच्या वस्त्या दिव्यांनी उजळतात, बुद्ध पौर्णिमेला घरोघर खीर होते. स्वतःचा वाढदिवस म्हटले की मात्र आम्ही मान खाली घालतो.

मुलीने ती तारीख लक्षात ठेवली. मे महिन्याच्या शेवटी, वैशाख पौर्णिमेची सुट्टी संपल्यावर, सगळी लाइन आमच्याभोवती जमली. या मंडळींविषयी सांगायला हवे. त्यांतली बरीचशी चोनबुरीची नव्हतीच. ईशान्येकडच्या इसान भागातून, भातशेती करणाऱ्या गावांतून पोटासाठी आलेली. मुले गावी आजीजवळ, आणि पगार झाला की निम्मा गावाकडे. आम्हाला ती आपलीच माणसे वाटत. त्यांत कँटीनमधली एक वयस्क बाई होती. सगळे तिला 'पा' म्हणत. पा म्हणजे आई-बापाची थोरली बहीण. आम्हीही तिला पाच म्हणू लागलो.

पाने विचारले, "तुमचा जन्म कोणत्या वारी झाला?"

थायलंडात तारखेपेक्षा वाराला महत्त्व. प्रत्येक वाराचा एक रंग असतो आणि बुद्धमूर्तीची एक ठरलेली मुद्राही. रविवारचा रंग लाल, सोमवारचा पिवळा, गुरुवारचा नारिंगी. बुधवारचे तर दोन भाग आहेत, दिवसाचा वेगळा आणि रात्रीचा वेगळा.

आम्ही पेचात पडलो. एक तर वार ठाऊक नाही. दुसरे म्हणजे वार, रंग, ग्रह हे सगळे आपण बावीस प्रतिज्ञांबरोबर मागे टाकलेले. आम्ही त्या मुलीमार्फत पाला तसे स्पष्ट सांगितले. ती रागावली नाही. म्हणाली, "बरं, रंग राहू द्या. पण आईला वार तर विचारा. तिला माहीत असणारच."

त्या रात्री आम्ही घरी फोन लावले. तिकडचे घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास पुढे, त्यामुळे इकडे जेवणे चालली होती. नांदेडकडच्या आईने आधी विचारले, "काय झालं रं? तब्येत बरी हाय ना?" मग प्रश्न ऐकून ती बराच वेळ गप्प राहिली. आम्हाला वाटले, फोन कटला.

"बाजारचा दिस व्हता," ती म्हणाली. "बुधवार. डोक्यावर पाटी घेऊन बाजारातून येत व्हते, वाटंतच कळा सुरू झाल्या. घरी पोचले तवा दिवे लागले व्हते. अंधार पडल्यावर तू झाला." आणि मग म्हणाली, "इतक्या वर्सांत पहिल्यांदा कुणी इचारलं बाबा."

पूर्णेच्या आईला तर आठवायलाही वेळ लागला नाही. वडील रेल्वेच्या गँगमध्ये होते, रविवारची सुट्टी म्हणून घरी होते आणि तेच सुईणीला आणायला धावले होते.

राहिला नगरचा. त्याची आई जाऊन नऊ वर्षे झाली होती. त्याने आत्याला विचारले, थोरल्या बहिणीला विचारले. कोणालाच सांगता आले नाही. तो फोन ठेवून गॅलरीत जाऊन उभा राहिला. आम्ही दोघे काही बोललो नाही. आमच्या आया हयात आहेत, याचीच त्या रात्री लाज वाटल्यासारखे झाले.

१ जूनला शुक्रवार होता. पहाटे मंडळी आम्हाला विहाराच्या दारात घेऊन गेली. भिक्खू दुपारी बारानंतर जेवत नाहीत, म्हणून वाढदिवसाचे दान सकाळीच करतात. पाने रात्रीच भात, कालवण आणि फळे पिशव्यांत बांधून ठेवली होती. आम्ही चपला काढल्या. अनवाणी भिक्खू रांगेने आले, आम्ही त्यांच्या पात्रांत अन्न ठेवले. आपल्या 'पुण्य' शब्दाला ते 'बुन' म्हणतात. त्यांनी पालीत आशीर्वाद म्हटला. उच्चार निराळे, पण ओळखीचे शब्द कानावर पडले आणि क्षणभर घरच्या विहारात बसल्यासारखे वाटले.

आत आठ बुद्धमूर्ती ओळीने होत्या. रविवारची मूर्ती उभी, बोधिवृक्षाकडे डोळे उघडे ठेवून पाहणारी. बुधवार रात्रीची मूर्ती वनात बसलेली, हत्ती पाणी आणि माकड मधाचे पोळे देत असलेले. आम्ही नवस बोललो नाही, काही मागितले नाही. नुसते पाहिले, आणि बाजाराची पाटी डोळ्यांपुढे आली.

नगरचा मागे उभा होता. पाने त्याच्या हातात पाण्याची छोटी झारी आणि एक वाटी दिली. तिकडे दान केल्यावर बारीक धारेने पाणी ओततात आणि ते पुण्य गेलेल्या माणसांना अर्पण करतात. आपण पुण्यानुमोदन करतो, तसेच ते. भिक्खूंचा पाठ चालू असताना तो हळूहळू पाणी ओतत राहिला. पाठ संपल्यावर पाने त्याला झाडाजवळ नेले आणि वाटीतले पाणी मुळाशी घालायला सांगितले. तो तिथेच बसून रडला. त्याची आई गेली तेव्हाही तो असा रडला नव्हता, हे त्याने आम्हाला नंतर सांगितले.

आठ वाजता आम्ही शिफ्टवर हजर होतो. संध्याकाळी खोलीवर केक कापला. कच्च्या पपईचे तिखट सोमतम मंडळींनी तिथेच उखळीत कुटले. त्याचा ठसका आपल्या ठेच्याला हार जाणारा नाही! नगरच्याला त्यांनी शुक्रवारवाला ठरवून टाकले. "आज दान केलंस, आजपासून हाच तुझा वार," पा म्हणाली. तो हसला. दिवसभरातले ते त्याचे पहिले हसू.

ऑगस्टमध्ये आम्ही परतलो. पासपोर्टवर अजून १ जूनच आहे आणि तो तसाच राहील. आमच्या मुलांचे जन्मदाखले आहेत, त्यांना हा प्रश्न पडणार नाही. पण आता आमच्या घरी मुलाचा केक कापण्याआधी आजी त्याला त्याच्या बापाच्या जन्माची गोष्ट सांगते. पाटी, बाजार, अंधार, सगळे. पूर्णेच्या घरी सुईणीची गोष्ट होते. नगरचा त्या दिवशी आईच्या नावाने विहारात भोजनदान देतो.

बंधू-भगिनींनो, तुमच्याही घरात एक जूनची माणसे असतील. घरात आई असेल, आजी असेल, तर आज संध्याकाळी तिच्याजवळ बसा आणि विचारा, "मी झालो तो दिवस कसा होता?" तारीख तिला सांगता येणार नाही. बाकी सगळे तिला माहीत आहे.