शिवणाची टेप आणि खो-खोचं मैदान

आमच्या शिवणयंत्राच्या खणात एक पिवळी टेप असते. ब्लाउजची मापे, पडद्यांची मापे, फार तर नव्या कपाटासाठी भिंतीचे माप, यापलीकडे तिने कधी काही पाहिले नव्हते. गेल्या वर्षी मात्र ती पिशवीत घालून मी खो-खोच्या मैदानावर गेले. ‘काकूंना झालंय तरी काय,’ असे तिथली पोरे कुजबुजलीसुद्धा. त्याचीच ही हकिगत.

आमची धाकटी पाचवीपासून खो-खो खेळते. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. प्रियांका इंगळेच्या संघाने अंतिम सामन्यात नेपाळला ७८-४० असे हरवले, तेव्हा आमच्या घरात दिवाळी होती. सासूबाईंनीसुद्धा जप बाजूला ठेवून सामना पाहिला. महाराष्ट्राची मुलगी कर्णधार, तेव्हा आपलीही एक दिवस तिथे, असे धाकटीच्या डोळ्यांत दिसायचे. पण दिल्लीचा सामना छपराखाली, मऊ मॅटवर. आमच्याकडे माती आणि वर आभाळ. तेही वाईट नाही म्हणा, खो-खो वाढला तो मातीतच!

पावसाळा संपून सराव सुरू झाला आणि आठव्या दिवशी धाकटी लंगडत घरी आली. खांबाला धरून सूर मारताना खाली पडली, आणि खांबाच्या बुडाशी असलेल्या काँक्रीटच्या कट्ट्यावर नडगी आपटली. पाच टाके पडले.

सासूबाई म्हणाल्या, “पुरे झाला आता खेळ. पोरीची जात, पायावर व्रण घेऊन हिंडायची का?” आमचे हे नेहमीप्रमाणे पेपरात. आणि खरे सांगू? मीही मनातून ‘हो’च म्हटले होते. संध्याकाळचे जाणे-येणे, धुळीने माखलेले कपडे, अभ्यासाची ओढाताण, सगळेच सुटले असते.

रात्री पायाला शेक देताना धाकटी म्हणाली, “आई, मी चुकून नाही पडले. तो कट्टा मागच्या वर्षी नव्हताच.”

“कट्टा काय एका रात्रीत उगवतो?” मी म्हटले.

“तूच ये ना बघायला.”

चार वर्षे मुलीला मैदानाच्या फाटकाशी सोडत होते, पण आत पाऊल म्हणून टाकले नव्हते. भाजी घेताना भेंडी मोडून बघणारी मी! मुलगी रोज जिथे धावते ती जागा मात्र कधी न्याहाळली नव्हती.

धाकटीच्या सरांनी नियमांचे पुस्तक दिले. मैदान २७ मीटर लांब आणि १६ मीटर रुंद हवे. दोन खांबांमध्ये २४ मीटर अंतर. खांबाची उंची जमिनीपासून १२० ते १२५ सेंटिमीटर. मैदानाच्या चहूबाजूंनी दीड मीटर जागा मोकळी हवी, कारण वेगात धावणारे माणूस रेषेवर थोडेच थांबते?

मी टेप लावली. पूर्वेचा खांब भरला १२४. पश्चिमेचा, धाकटी पडली तो, १३२! खांब काही पोरांसारखे वाढत नाहीत. म्हणजे त्या टोकाची माती निदान सात सेंटिमीटर खाली गेली होती, आणि जमिनीत पुरलेले काँक्रीट उघडे पडले होते. धाकटीचे म्हणणे खरे होते.

माती गेली कुठे? मान वर केली तेव्हा कळले. पश्चिमेला काही वर्षांपूर्वी प्रेक्षकांसाठी पायऱ्या बांधल्या आणि वर पत्रे टाकले. त्या पत्र्यांचे सगळे पाणी एका पाइपातून थेट मैदानावर पडते. आपण न्हाणीघराची फरशी घालताना गवंड्याच्या डोक्यावर उभे राहून मोरीकडे ढाळ काढून घेतो. इथे एवढ्या खर्चाच्या बांधकामात पाणी कुठे जाईल हे कुणी विचारलेच नव्हते. शिवाय पहिली पायरी रेषेपासून अवघ्या ७५ सेंटिमीटरवर. दीड मीटरच्या निम्मे! वर्षातून दोनदा येणाऱ्या पाहुण्यांसाठी सोय केली, ती रोज धावणाऱ्या मुलींच्या वाटेत.

मग मला चटकच लागली. शेजारच्या व्हॉलीबॉलच्या खांबाला जाळी अडकवायला एकच हूक. पुरुषांची जाळी २.४३ मीटरवर, बायकांची २.२४ वर हवी. इथे मुलीसुद्धा पुरुषांच्या उंचीवरच खेळत होत्या. कबड्डीचेही तेच. मुलींचे मैदान १२ बाय ८ मीटर, पुरुषांचे १३ बाय १०. आखलेले फक्त पुरुषांचे. चार दिव्यांपैकी दोन बंद, आणि चालू असलेले दोन्ही एकाच बाजूला.

घरी येऊन सगळे सांगत होते. सासूबाई भाजी निवडत होत्या. मध्येच त्यांनी विचारले, “ते राहू दे. पोरींना तिथे जायची सोय आहे का?”

मी गप्प झाले. सोय होती. स्वच्छतागृह बांधलेले होते, बाहेर पाटीही होती. पण त्याला कुलूप. किल्ली शिपायाकडे, आणि शिपाई साडेपाचला घरी जातो. मुलींचा सराव सुरू होतो तोच साडेपाचला. धाकटीला विचारले तर म्हणाली, “आम्ही दुपारनंतर पाणीच पीत नाही, आई. आणि ते चार दिवस असले की येतच नाही कुणी.” पाचवीत सतरा मुली होत्या, आता नऊ उरल्या आहेत. अभ्यास वाढला, घरून नको म्हणतात, अशी कारणे आम्ही आया एकमेकींना सांगत होतो.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मैत्रिणींनो, मीही नववीपर्यंत खेळत होते. ‘दहावीचं वर्ष आलं म्हणून सोडलं,’ असे मी सासरी-माहेरी सगळ्यांना सांगत आले. खरे कारण वेगळे होते. आमच्या शाळेच्या मैदानावर कपडे बदलायला साधा आडोसा नव्हता. एकदा सामन्याच्या दिवशी फजिती झाली, आणि मी पुन्हा गेलेच नाही. आईला सांगितले नाही, तिनेही विचारले नाही. पंचवीस वर्षांनी सासूबाईंनी भाजी निवडता निवडता तो प्रश्न विचारला.

सर म्हणाले, “वहिनी, तक्रार नका करू. जागा धोकादायक आहे म्हणून सरावच बंद करतील.” त्यांची भीती खोटी नव्हती. म्हणून आम्ही पाच जणींनी तक्रारीचा अर्ज केलाच नाही. वाणसामानाची करतो तशी एक यादी केली. डाव्या बाजूला पैसे न लागणारी कामे, मध्ये थोड्या पैशांची, उजवीकडे मोठ्या खर्चाची. प्रत्येक कामापुढे टेपने घेतलेले माप.

कार्यालयातले साहेब आधी नेहमीचेच म्हणाले, “निधी नाही.” मी म्हटले, “साहेब, डावी बाजू वाचा. किल्लीला निधी लागत नाही.” ते हसले. नोंदवहीत सही घेऊन एक किल्ली आमच्याकडे द्यायचे त्यांनी कबूल केले. मधल्या बाजूपैकी लाल मातीची एक ट्रॉली मिळाली आणि एक दिवा लागला. आमच्यातल्या एकीच्या यजमानांचे नळकामाचे दुकान आहे, त्यांनी पत्र्यांचा पाइप वळवून गटाराला जोडून दिला. रविवारी सगळ्यांनी मिळून माती चाळली, पसरली, पाणी मारले, रोलर फिरवला. पश्चिमेचा खांब पुन्हा मोजला, १२३.

सगळे झाले असे मात्र नाही. पायऱ्या जिथल्या तिथे आहेत. मैदानच पूर्वेकडे सरकवायचे तर खांब उपटून नव्याने पुरावे लागतील, तो कागद अजून टेबलावरून टेबलावर फिरतो आहे. तोवर पहिल्या पायरीला जुन्या गाद्या बांधून ठेवतो. कपडे बदलायच्या खोलीला दार आहे, पण आतून कडी नाही.

तुमच्याही गावात मैदान असेल, मुलगा-मुलगी तिथे जात असेल. एकदा आत जाऊन बघा. पाऊस पडून गेल्यावर पाणी किती वेळ साचते? खांबांच्या बुडाशी काँक्रीट, खिळे, तुटकी तार दिसते का? रेषेच्या पलीकडे धावत्या मुलाला थांबायला जागा आहे का? संध्याकाळी उजेड कुठून येतो? आणि सर्वांत आधी, स्वच्छतागृहाचे दार ढकलून बघा. नुसते ते आहे का, एवढे विचारून भागत नाही. मुलांच्या वेळेला उघडे असते का, आत पाणी आहे का, कडी लागते का, हे स्वतः पाहायला हवे. जमले तर टेप जवळ ठेवा. ‘मैदान खराब आहे’ म्हटले की लोक मान हलवतात, ‘सात सेंटिमीटर माती गेली आहे’ म्हटले की उठून बघायला येतात.

धाकटीचे टाके निघाले, व्रण राहिला. सासूबाई त्यावर रात्री तेल चोळतात आणि खेळ सोडायचे नाव काढत नाहीत. सोडून गेलेल्या आठांपैकी तीन मुली परत आल्या.

किल्ली आम्ही पाळीपाळीने सांभाळतो. सोमवारी आणि गुरुवारी ती आमच्या स्वयंपाकघरात, कॅलेंडरशेजारच्या खिळ्याला असते. पाच वाजले की सासूबाई आतून हाक मारतात, “सूनबाई, किल्ली घेतलीस का गं?”