गारांच्या गावी चाकांचे घर

गार केवढी पडली हे सांगताना आपला शेतकरी हाताशी असेल ते फळ घेतो. बोराएवढी, सुपारीएवढी, लिंबाएवढी! अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात पाहिले, तर तिथेही मापाची तऱ्हा हीच. फक्त फळांच्या जागी नाणी आणि चेंडू आलेले. वाटाण्याएवढी गार, क्वार्टर नाण्याएवढी गार, गोल्फच्या चेंडूएवढी, बेसबॉलच्या चेंडूएवढी. सरकारी वेधशाळासुद्धा याच भाषेत बोलते. एक इंच व्यासाची, म्हणजे क्वार्टरएवढी गार पडणार असे दिसले की ते वादळ 'तीव्र' या सदरात जाते. २०१० पर्यंत ही रेषा पाऊण इंचावर होती. आयुष्यभर विद्यार्थ्यांना उपमा-उत्प्रेक्षा शिकवणाऱ्या माझ्यासारख्याला, हवामानाच्या रुक्ष पत्रकात उपमा अशी ठाण मांडून बसलेली पाहून मोठी गंमत वाटली.

२०२३ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिकडे गेलो तो ताईकडे. ताई आणि भाऊजी उत्तर कोलोरॅडोत, फोर्ट कॉलिन्सपासून जवळच एका लहानशा गावी राहतात. पश्चिमेला रॉकी पर्वताची रांग, जूनमध्येही शिखरांवर बर्फ. आणि पूर्वेला नजर ठरत नाही असे सपाट माळरान. डोंगर आणि माळ यांचा असा सांधा मी दुसरीकडे पाहिलेला नाही. सकाळी आभाळ इतके निळे, की पाटीवर एक रेघसुद्धा नाही. दुपारी बाराच्या सुमारास डोंगरामागून कापसाचा एक पुंजका डोके वर काढतो. तीन वाजता त्याचा डोंगर झालेला असतो. चार वाजता तो गडगडू लागतो. या भागाला तिथे 'हेल ॲली', म्हणजे गारांची गल्ली, असेच नाव आहे. कोलोरॅडो, वायोमिंग आणि नेब्रास्का ही तीन राज्ये जिथे एकमेकांना भिडतात, तिथे ही गल्ली.

इथेच एवढ्या गारा का, असे मी भाऊजींना विचारले. भाऊजी निवृत्त इंजिनिअर. त्यांना प्रश्न विचारला की उत्तर पहिल्या वीटेपासून मिळते.

"हे बघा मास्तर," ते म्हणाले, "मेक्सिकोच्या आखाताकडून ओलसर हवा येते. इथली जमीन पश्चिमेकडे चढत जाते, तशी ती हवाही वर चढते. वरून उन्हाचा तडाखा. ढगात खालून वर असा जोराचा झोत तयार होतो, आणि तो पाण्याच्या थेंबांना गोठणाऱ्या थरात धरून ठेवतो. गारेवर बर्फाची पुटे चढत जातात. झोताला तिचे वजन पेलेनासे झाले की ती सुटते. आता आपण आधीच पाच हजार फुटांवर राहतो. वाटेत वितळायला तिला वेळ कुठे आहे?"

खरेच आहे. डेन्व्हर शहर समुद्रसपाटीपासून ५,२८० फूट, म्हणजे बरोबर एक मैल उंच. जी गार सखल प्रदेशात पाणी होऊन पोचली असती, ती इथे दगड म्हणून पोचते. मराठीत 'गार' म्हणजे थंड, 'गार' म्हणजे आभाळातून पडते ती, आणि 'गार' म्हणजे चकमकीचा पांढरा दगडही. तिन्ही अर्थ एका शब्दात कोंबणाऱ्या आपल्या पूर्वजांनी कोलोरॅडो पाहिले नव्हते. पण शब्द मात्र तिथे चपखल बसतो.

या गारांच्या गल्लीत भाऊजींनी चाकांवरचे घर घेतले होते. तिकडे त्याला 'आर.व्ही.' म्हणतात. पंचवीस फूट लांब, अकरा फूट उंच. आत दोन पलंग, शेगडी, शीतपेटी, न्हाणीघर, आणि ताईने कोपऱ्यात बसवलेला छोटासा देव्हारा. तीस वर्षे नोकरी करून जमवलेल्या पुंजीचा मोठा भाग या घरात गेला होता. भाऊजींच्या हृदयावर आदल्या वर्षी शस्त्रक्रिया झाली होती. "चालता-फिरता आहोत तोवर हा देश पाहून घेऊ," असे दोघांनी ठरवले होते, आणि जुलैत यलोस्टोनला निघायचे होते. विमा होता, परंतु विम्याने पैसे मिळतात, उन्हाळा परत मिळत नाही. दुरुस्तीवाल्यांकडे वादळानंतर महिनोन्‌महिने रांग लागते. ताईला चिंता होती ती याची.

ही चिंता अनाठायी नव्हती. ८ मे २०१७ रोजी डेन्व्हरच्या पश्चिम भागावर जे गारांचे वादळ आले, त्यात विम्याने भरून द्यावे लागलेले नुकसानच सुमारे २३० कोटी डॉलरचे होते. लेकवुडचा एक मोठा बाजार त्यानंतर कित्येक महिने बंद होता. मी तिथे असतानाच, २१ जूनला, डेन्व्हरजवळच्या रेड रॉक्स या उघड्या रंगमंडपात गाण्याचा कार्यक्रम चालायचा होता तो गारांनी उधळला. ८० ते ९० जणांना मार लागला. आणि साउथ डाकोटातल्या व्हिव्हियन गावी २३ जुलै २०१० रोजी पडलेली गार तर आठ इंच व्यासाची आणि जवळजवळ ८८० ग्रॅम वजनाची भरली. सापडली त्या माणसाने ती शीतपेटीत जपून ठेवली, पण वादळाने वीज गेलेली. मोजायला माणसे येईपर्यंत ती थोडी झिजली होती म्हणतात!

गारांना अडवावे ही मनुष्याची हौस जुनी आहे. आमच्या विदर्भात तर त्या कामाला गावचा माणूसच नेमलेला असे. त्याला 'गारपगारी' म्हणत. १९१६ साली रसेल आणि हिरालाल यांनी मध्य प्रांतातील जातिजमातींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात त्याची हकीगत आहे. आभाळ भरून आले की गारपगारी तलवार घेऊन मारुतीपुढे उभा राही, ढग पांगव म्हणून विनवी, आणि विनवणीने भागले नाही तर जीव देईन म्हणून देवालाच धाक घाली. त्याबद्दल शेतकरी त्याला धान्य देत. हे ऐकून हसणाऱ्यांनी पुढचेही ऐकावे. १९७२ ते १९७६ या काळात अमेरिकन शास्त्रज्ञांनी याच ईशान्य कोलोरॅडोत मोठा प्रयोग मांडला होता. ढगांत सिल्व्हर आयोडाइड पेरून गारा कमी होतात का, हे पाहायचे होते. विमाने उडाली, रडार फिरले. गारा खात्रीने कमी झाल्या असे काही सिद्ध झाले नाही. तात्पर्य, ढग कोणाचे ऐकत नाही. झाकता येते ते आपले छप्पर.

पण पंचवीस फुटांचे घर झाकायचे कसे? सर्वांत उत्तम म्हणजे पक्क्या पत्र्याखाली ठेवावे. तशा भाड्याच्या जागा तिथे असतात. पण ताईच्या गावातल्या जागेसाठी लांबलचक यादी लागलेली. घराशेजारी शेड उभारावी, तर वसाहतीच्या मंडळींनी नियम पुढे केला. मग भाऊजींनी वही काढली.

त्या वहीतला पहिला धडा असा, की बाजारात मिळणारा कापडी बुरखा उन्हासाठी आणि धुळीसाठी, गारेसाठी नव्हे. गारेची ताकद तिच्या आकाराच्या हिशेबाने वाढत नाही. व्यास दुप्पट झाला की वजन आठपट होते, वेगही वाढतो, आणि तडाखा सुमारे सोळापट बसतो. म्हणून गारेला एकदम थांबवायचे नाही, हळूहळू थांबवायचे. झेल घेताना क्षेत्ररक्षक हात मागे नेतो ना, तसे. मोटारी विकणारे तिकडे आपल्या आवारावर उंच जाळी ताणतात ती याच कारणाने. जाळी आणि टप यांच्यामध्ये मोकळी जागा असते. जाळी दबते, गार दमते.

दुसरा धडा, की सगळे घर सारखे नाजूक नसते. छतातल्या हवेच्या झरोक्यांची प्लॅस्टिकची झाकणे उन्हाने कडक होऊन काचेसारखी फुटतात; ती भाऊजींनी मजबूत पॉलिकार्बोनेटची बसवली. न्हाणीघरावरच्या छताच्या खिडकीसाठी प्लायवुडची फळी कापली आणि खाली जाड फोम चिकटवला. वातानुकूलन यंत्राच्या पातळ पत्र्यांपुढेही तसेच कवच. बाहेर ओढायचा कापडी मांडव आधी गुंडाळायचा, सरकत्या खोल्या आत घ्यायच्या. उरली पुढची भली मोठी काच. तिच्यासाठी ताईने सामान हलवताना वापरतात ती जाड कांबळी आणली, चार पदरी केली, मध्ये फोमचे थर घातले आणि आईने शिकवलेल्या टाक्याने गोधडी शिवली. वरून पाणी न पिणारे कापड, कारण भिजलेली गोधडी वाऱ्यात टिकत नाही. बाजूंना पट्टे. पट्टे सैल राहिले तर कापड फडफडून रंग घासून काढते, म्हणून ते रोज ओढून पाहायचे. गाडी उभी केली घराच्या पूर्व भिंतीला. तिथली वादळे बहुधा पश्चिमेकडून येतात. झाडाखाली मुळीच नाही, कारण गारांआधी फांदीच अंगावर यायची.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात परीक्षा झाली. दुपारी 'वॉच' आला. 'वॉच' म्हणजे लक्ष ठेवा. 'वॉर्निंग' म्हणजे आलेच. आम्ही तिघांनी वीस मिनिटांत फळ्या चढवल्या, गोधडी बांधली. भाऊजींना शिडीवर चढू द्यायचे नाही हा ताईचा हुकूम, तेव्हा वर मी, आणि खालून सूचना करायला ते. पश्चिमेचे आभाळ हिरवट झाले. फोनने कर्कश आवाज केला. मग पहिली गार रस्त्यावर पडून कमरेएवढी उसळली, आणि पुढची बारा मिनिटे आम्हाला एकमेकांचे बोलणे ऐकू आले नाही. भाऊजी खिडकीशी उभे राहून मोजत होते. ताई देवापुढे बसली होती. मला गारपगारी आठवत होता.

वादळ गेले. अंगणात चार बोटे पांढरा थर. बहुतेक गारा लिंबाहून लहान, काही लिंबाएवढ्या. गोधडी भिजली होती, पण काच शाबूत. झरोके शाबूत. छताची खिडकी शाबूत. एका बाजूच्या पत्र्याला पाच-सहा खळगे तेवढे पडले. तरीही भाऊजींनी लगेच छायाचित्रे घेतली आणि दुसऱ्या दिवशी छतावरचा प्रत्येक सांधा माझ्याकडून हाताने चाचपून घेतला. गारेची जखम पुष्कळदा त्या दिवशी दिसत नाही. सांध्याच्या बारीक भेगेतून पाणी झिरपते आणि महिन्यांनी आतले लाकूड कुजलेले सापडते.

गाडी वाचली म्हणून ताई हसेल असे मला वाटले होते. ती मागच्या दारी गेली. तिथे तिने मेथी-कोथिंबिरीचा वाफा केला होता. त्याचा नुसता लगदा उरला होता. ती बराच वेळ तिथे उभी राहिली आणि मग म्हणाली, "बाबांची बाग आठवली रे."

वरुडकडची आमची संत्र्याची बाग. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रभर गारपीट झाली तेव्हा मृगाचा बहार तोडणीला आला होता आणि आंब्या बहार नुकता धरला होता. एका दुपारी दोन्ही बहार जमिनीवर आले. बाबा त्या संध्याकाळी जेवले नाहीत, आणि कोणाशी बोललेही नाहीत. ताई तेव्हा इथे होती. तिला ते सारे फोनवरच कळले होते. नऊ वर्षे तिने तो विषय काढला नव्हता.

"घराला चाके असली की आडोशाला नेता येते," ती म्हणाली, "गोधडीने झाकता येते. चारशे झाडांना कोण काय पांघरणार?"

याचे उत्तर भाऊजींच्या वहीत नव्हते. फळबागांवर जाळी ताणता येते हे खरे, आपल्याकडच्या काही द्राक्षबागायतदारांनी तशी ती ताणलीही आहे. पण तिचा खर्च ज्याला झेपतो त्यालाच ती सावली मिळते. भाऊजी काही बोलले नाहीत. त्यांनी घरातून मेथीचे बी आणले, फावड्याने वाफ्यातला बर्फ बाजूला सारला आणि ताईच्या हातात बी दिले. ती म्हणाली, "आज नको, माती गार आहे."

ते दोघे ठरल्या दिवशी यलोस्टोनला निघाले. गोधडी आणि फळ्या पलंगाखाली घडी करून ठेवल्या होत्या; वाटेत वायोमिंग लागते ना! मी परतायच्या आदल्या रात्री ताईचा फोन आला. पहिला प्रश्न उष्ण पाण्याच्या कारंज्यांबद्दल नव्हता. तिने विचारले, "वाफ्यात मेथी उगवली का रे?"

उगवली होती.