रोवणीच्या दिवसांतल्या सिस्टरबाई

भंडारा जिल्ह्यात आषाढ लागला की रोवणी सुरू होते. गुडघाभर चिखलात ओणव्याने पऱ्हे लावणाऱ्या बायकांत पूर्वी एखादी नवव्या महिन्यातली असायचीच. मजुरी बुडवणं परवडत नसे. कळा आल्या की बांधीतून थेट घर, आणि घरी सुईण. वैनगंगा आणि चुलबंद फुगल्या की पवनी-लाखांदूरकडच्या कितीतरी गावांची वाट तुटायची. अशा दिवसांत उपकेंद्राच्या सिस्टरबाई पिशवी डोक्यावर धरून, कधी डोंग्यातून, कधी बांध्यांच्या धुऱ्यांवरून चालत यायच्या. माझ्या आईच्या पिढीला सरकारी दवाखाना ठाऊक होता तो या बाईंच्या रूपात.

पांढरी सुती साडी, पायात साध्या चपला. पिशवीत काचेची सिरिंज आणि ती उकळायचं भांडं, बाळाचे ठोके ऐकायची लाकडी नळी, लोहाच्या गोळ्या. ज्या घरी जायच्या तिथल्याच चुलीवर पाणी ठेवायला सांगायच्या. शिक्षण म्हणाल तर एएनएम, म्हणजे सहायक परिचारिका प्रसाविका. 1977 नंतर तो अभ्यासक्रम 18 महिन्यांचा झाला आणि गावातली नर्स ‘बहुउद्देशीय’ ठरली. म्हणजे बाळंतपण तिच्याकडे, लस तिच्याकडे, तांबी बसवणं तिच्याकडे आणि तापाच्या रुग्णाचं रक्त घेणंही तिच्याकडेच. कामं वाढली, माणूस एकच.

तरी त्या पुढारी होत्या, हे मी ठामपणे म्हणेन. खुर्ची नव्हती, शिपाई नव्हता, पण गावात त्यांच्या शब्दाला वजन होतं. सुईणीला त्यांनी कधी हाकललं नाही. तिच्याच शेजारी बसून नवं पातं, उकळलेला दोरा, साबणाने धुतलेले हात, एवढं तिच्या अंगवळणी पाडलं. पहिल्या खेपेला सुनेला दवाखान्यात न्यायचं तर आधी सासूला वळवावं लागे. त्यासाठी ओसरीवर तासभर बसून धानाच्या गोष्टी कराव्या लागत. सिस्टरबाई ते मनापासून करायच्या. कुणाची लेक कुठे दिली, कुणाचं आधीचं बाळ गेलं, कोणाला सिकलसेलचा त्रास आहे, हे त्यांना रजिस्टर न उघडता सांगता यायचं. कारण त्या तिथेच राहायच्या. त्यांची मुलं आमच्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकायची.

भंडाऱ्याच्या मोठ्या दवाखान्यात वेगळं वातावरण. तिथे मेट्रनची फेरी असे. चादरीची घडी, रुग्णाची पाठ, नखं, पाण्याचा तांब्या, सगळ्यावरून नजर फिरे. शिकाऊ पोरी भिंतीला लागून उभ्या राहत. धाक होता, तो नको इतका होता असंही वाटतं. पण पडून राहणाऱ्या माणसाला दर दोन तासांनी कूस बदलून द्यायची हे त्या फेरीत शिकलेली नर्स जन्मात विसरत नसे.

त्या काळावर माझी माया आहे म्हणून त्याचं दुःख झाकणार नाही. विळ्याने कापलेली नाळ आणि आठव्या दिवशी धनुर्वाताने आखडलेलं बाळ, हे घरोघरी ठाऊक होतं. अंगावरून रक्त जाणारी बाई बैलबंडीत घालून निघायची आणि वाटेतच जायची. सिस्टरबाईंची करुणा कितीही खरी असली तरी पिशवीत रक्ताची बाटली नव्हती. पुढे 2018-20 पर्यंत महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू 33 वर आले. 2014 पासून रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन लागतो. बाळ जन्मल्यावर आशाताई 3ऱ्या, 7व्या, 14व्या, 21व्या, 28व्या आणि 42व्या दिवशी घरी येते. गावातली बाई नवजात बाळाला वाचवू शकते, हे शेजारच्या गडचिरोलीत अभय आणि राणी बंग या डॉक्टर दांपत्याने दाखवलं. 1999 साली ते ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं आणि पुढे देशाने ती वाट धरली.

शिक्षणही कुठल्या कुठे गेलं. धान कापणाऱ्या घरातल्या मुली आज चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग करतात. 1947 च्या नर्सिंग कौन्सिल कायद्याच्या जागी 2023 मध्ये राष्ट्रीय नर्सिंग व मिडवायफरी आयोगाचा कायदा आला. आयुष्मान भारत योजनेनंतर नर्सिंगची पदवी घेतलेली मुलगी सहा महिन्यांचा पूरक अभ्यासक्रम करून उपकेंद्राची समुदाय आरोग्य अधिकारी होऊ शकते. सिस्टरबाईंना जे पुढारपण स्वतःच्या स्वभावावर मिळवावं लागलं, ते या मुलींना पदाने मिळतं. मला याचा फार आनंद आहे.

ओसरीवर बसायचा वेळ मात्र गेला. एका बाळाच्या एका लसीची नोंद वहीत, मग मोबाईलवर, मग महिन्याच्या अहवालात. वॉर्डातही तेच. सामान्य रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी, असं नर्सिंग कौन्सिलचं मानक सांगतं. सरकारी वॉर्डात रात्रपाळीला एकदा डोकावून पाहावं. कंत्राटावरच्या मुलीला पुढच्या वर्षी नोकरी राहील का हे माहीत नसतं, तिने रुग्णाची तीन पिढ्यांची माहिती कुठून ठेवावी? नव्या मुलींना माया नाही असं कुणी म्हणालं की मला राग येतो. माया आहे, ती द्यायला त्यांच्याकडे वेळ ठेवलेला नाही.

या ओढाताणीतच ऑगस्ट 2020 च्या अखेरीस वैनगंगा भंडारा शहरात शिरली, वर कोरोना. त्यातून जिल्हा सावरतोय तोच 8-9 जानेवारी 2021 ची रात्र आली. जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षात आग लागली. धूर पहिल्यांदा दिसला तो रात्रपाळीच्या परिचारिकेला. सात बाळं बाहेर काढता आली, दहा गेली. जिल्ह्यातल्या प्रत्येक आईने ती बाळं आपली मानली. त्या रात्रीबद्दल बोलताना लोक विजेच्या तारांबद्दल, यंत्रांबद्दल बोलतात आणि बोलायलाच हवं. माझ्या मनात मात्र जुन्या मेट्रनची फेरी येते. तिला वॉर्डातलं खटकलं ते तिथल्या तिथे बदलण्याचा अधिकार होता, निदान चादर-तांब्यापुरता तरी. आता वॉर्डात वॉर्मर आहेत, ऑक्सिजनच्या नळ्या आहेत. जिथे नर्सिंग शिकवलं जातं तिथे बाळाला आईच्या छातीशी कसं बांधायचं यासोबत आग लागल्यावर कक्ष किती मिनिटांत रिकामा करायचा याचा सराव दर महिन्याला व्हावा. आणि एखादं यंत्र गरम होतंय, जळका वास येतोय असं इन्चार्ज परिसेविकेने सांगितलं, तर ते त्याच क्षणी बंद करण्याचा हक्क तिच्या सहीला लेखी मिळावा, वरून मंजुरी येण्याची वाट न पाहता.