बाईंचा रविवार

आमची शाळा शनिवारी सकाळची असे. शेवटच्या तासाला वर्गशिक्षिका बाई एक वेगळी वही काढायला लावत. सोमवारपासून काय काय शिकलो ते त्यात आपल्या शब्दांत लिहायचं, पुस्तकातलं वाक्य उतरवायचं नाही, एवढाच नियम. वह्या बाई घरी नेत आणि सोमवारी परत देत. तेव्हा समासात लाल शाईने प्रश्न लिहिलेले असत, कधी एक, कधी तीन-चार. गुण नसत, ‘छान’ नसे, ‘अक्षर सुधारा’सुद्धा नसे. नुसते प्रश्न, आणि प्रत्येकाला वेगळे.

मी तेव्हा नगरजवळच्या भिंगारला सातवीत होते. वर्गात कुणाचे वडील छावणीत नोकरीला, कुणाचे एमआयडीसीत, कुणाची नागरदेवळ्याकडे थोडीफार शेती. माझे वडील एसटीत चालक होते. घरात पाठ्यपुस्तकांखेरीज पुस्तक असं नव्हतं. त्या वर्षातला एक आठवडा माझ्या मनात आजही तासावार लावलेला आहे. त्याचं कारण ते तास जितके, तितकेच समासातले ते प्रश्न.

सोमवारी गणिताच्या सरांनी वर्तुळाचा परीघ शिकवला. उदाहरणाला त्यांनी नगरचा किल्ला घेतला. किल्ला लष्कराच्या ताब्यात, आत दोरी घेऊन कोण जाऊ देणार? मग परीघ साधारण १६८० मीटर धरा आणि बाहेर उभं राहून व्यास सांगा, असं सर म्हणाले. बावीस सप्तमांशाने भागून सुमारे ५३५ मीटर आले. ज्या भिंतींवरून चांदबिबीने मोगलांना थोपवलं, जिथे १९४२पासून नेहरू, पटेल, मौलाना आझाद कैदेत होते, नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिलं, तो किल्ला आपण फळ्यासमोर बसून मोजला याचं मला फार अप्रूप वाटलं. मी ते सगळं वहीत लिहिलं. बाईंनी समासात विचारलं, ‘किल्ला चौकोनी का नाही बांधला?’

मी प्रश्न घेऊन गणिताच्या सरांकडे गेले. वर्तुळाचं क्षेत्रफळ आम्हाला अजून शिकवलेलं नव्हतं. सरांनी मधल्या सुट्टीत, डबा बाजूला ठेवून, फळ्यावर वर्तुळ काढलं, त्याच्या पाचरी पाडल्या आणि त्या एकाआड एक उलटसुलट मांडून दाखवल्या. पाचरी जितक्या बारीक कराव्यात तितका त्यांचा आयत होत गेला. आयताची लांबी अर्धा परीघ, रुंदी त्रिज्या. मग त्यांनी मला हिशेब करायला लावला. तेवढ्याच लांबीचा तट चौकोनी बांधला तर आत १,७६,४०० चौरस मीटर जागा मिळते, गोल बांधला तर सुमारे २,२४,५००. फरक जवळजवळ बारा एकरांचा! शिवाय गोल तटाला कोपरा नाही, म्हणजे तोफेला नेम धरून फोडायला कच्ची जागा नाही. सरांच्या बाहीवर खडूची भुकटी पडली होती आणि पुढच्या तासाची घंटा झाली तरी त्यांचा डबा उघडलेला नव्हता. त्या दुपारी सर उपाशी राहिले. बाईंच्या ऋणात हे ऋण असं मिसळलेलं आहे.

मंगळवारी भूगोल झाला. त्याबद्दल मी फार लिहिलं नाही, आजही फार आठवत नाही. आपल्याच जिल्ह्यात अकोल्याकडे सह्याद्रीवर पाऊस कोसळतो, राज्यातलं सर्वांत उंच कळसूबाई शिखर तिकडेच, आणि आपण मात्र पर्जन्यछायेत टँकरची वाट बघतो, एवढं मनात राहिलं.

बुधवारी विज्ञानाच्या सरांनी स्टोव्हवर पाणी उकळत ठेवलं आणि तापमापी आत सोडली. पुस्तकात १०० अंश लिहिलेलं. आमचा पारा ९८च्या आसपास थांबला तो हलेना. पाणी खळखळ उकळतंय, भांड्यावर वाफ धरलीय, आणि पारा तिथेच. सरांनी दुसरी तापमापी लावली. तीही तिथेच थांबली. तेव्हा सर म्हणाले, पुस्तकातलं पाणी समुद्राकाठी उकळतंय, आपलं भिंगारला. नगर समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटर उंच. इथे हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लवकर उकळतं. पुस्तकही खरं आणि आपला पाराही खरा, हे मला त्या वयात फार मोठं वाटलं. बाईंचा प्रश्न होता, ‘महाबळेश्वरला पारा कुठे थांबेल?’ मी नकाशाच्या पुस्तकातून उंची काढली आणि तीनशे मीटरला एक अंश या सरांनी सांगितलेल्या हिशेबाने उत्तर लिहिलं, ९५ ते ९६.

गुरुवारी बाईंचाच इतिहासाचा तास. १७०७ सालच्या मार्चमध्ये औरंगजेब वारला तो आपल्या भिंगारला, हे त्यांनी सांगितलं तेव्हा वर्गात चुळबुळ झाली. त्याच्याच नावाच्या आलमगीर वस्तीच्या बाजूने आम्ही रोज जायचो-यायचो. पंचवीस वर्षं दख्खन जिंकायला झगडलेला बादशहा शेवटी इथे संपला, दिल्ली काही परत दिसली नाही. दफन मात्र खुलताबादला. मी हे चार ओळींत लिहिलं. समासात आलं, ‘इथून खुलताबादला कोणत्या रस्त्याने नेलं असेल? गोदावरी कुठे ओलांडली असेल?’

याचं उत्तर कोणत्याच पुस्तकात मिळेना. रात्री वडील ड्युटीवरून आले. त्यांच्याकडे औरंगाबादची गाडी असे. मी वही त्यांच्यापुढे ठेवली. वडिलांना माझ्या अभ्यासातलं कुणी काही विचारलं असं त्याआधी घडलं नव्हतं. ते खाकी न बदलता तसेच बसले आणि बोटाने जमिनीवर रस्ता काढू लागले. जेऊर, इमामपूरचा घाट, पांढरीपूल, घोडेगाव, वडाळा बहिरोबा, नेवासा फाटा, मग प्रवरासंगम. “इथे प्रवरा गोदावरीला मिळते,” ते म्हणाले. “आता जायकवाडीचं पाणी मागं येतं, तेव्हा धरण कुठलं? मार्चात पाणी उतरलेलं असणार. उतार बघून ओलांडली असेल टोक्याच्या अंगाला.” मग थोडं थांबून म्हणाले, “माणसं खांदा देत किती चालली असतील गं?” मी हे सगळं लिहिलं आणि खाली ‘वडिलांचा अंदाज’ असंही लिहिलं. पुढच्या सोमवारी समासात होतं, ‘अंदाज पटला. वडिलांना विचार, घाट टाळून बैलगाडीला दुसरी वाट आहे का?’ वडिलांनी ती ओळ मला दोनदा वाचायला लावली. त्यानंतर शनिवारची वही आमच्या घरात त्यांचीही झाली.

गुरुवारच्या त्याच तासात बाईंनी आणखी एक सांगितलं होतं. सावित्रीबाई फुल्यांनी शिक्षिका होण्याचं प्रशिक्षण जिथे घेतलं त्यात नगर आहे. माझ्या समासात त्याबद्दलही प्रश्न होता, ‘त्यांना शिकवायला शिकवणाऱ्या बाईचं नाव काय?’ नगरच्या वाचनालयात जाऊन, फुल्यांचं चरित्र चाळून मी ते नाव आणलं. सिंथिया फरार. अमेरिकेतून मिशनच्या कामाला आलेली, नगरला मुलींच्या शाळा चालवणारी, १८६२ मध्ये वारलेली. शिक्षिकेलाही कुणी शिक्षिका असते, हे तोवर माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

शुक्रवारी चित्रकला आणि कवायत. लष्कराच्या के. के. रेंजकडून तोफांच्या सरावाचा दुरून गडगडाट येत होता आणि कवायतीचे सर त्यावर आवाज चढवून आज्ञा देत होते, इतकंच.

असा आमचा सहा दिवसांचा आठवडा. सातवा दिवस मी पाहिला तो योगायोगाने. एकदा शनिवारी मी तापाने घरी होते, म्हणून रविवारी वही द्यायला बाईंच्या घरी गेले. ओट्यावर सतरंजी टाकून बाई बसल्या होत्या. डाव्या हाताला न तपासलेल्या वह्यांचा ढीग, उजव्या हाताला तपासलेल्यांचा, आणि समोर परातीत निवडायची मेथी. एक वही वाचायची, पेन उचलायचं, मग पेन ठेवून चार काड्या मेथी निवडायची. प्रश्न सुचेपर्यंत हात मेथीत. सुचला की ओला हात पदराला पुसून लिहायचा. आतून सासूबाईंची हाक आली की उठून जायचं आणि परत त्याच वहीशी बसायचं. माझी वही त्यांनी घेतली, कपाळाला हात लावून ताप पाहिला आणि म्हणाल्या, “उन्हाची कशाला आलीस? सोमवारी दिली असतीस तरी चाललं असतं.” पण वही त्यांनी ढिगात खाली न सारता वरच ठेवली.

मी तिथे उभी राहून मनात हिशेब केला, सोमवारच्या गणिताची सवय म्हणून. वर्गात पन्नासच्या वर मुलं. एका वहीला पाच मिनिटं धरली तरी चार तासांच्या वर. यासाठी त्यांना ना कुणी सांगितलं होतं, ना कुणी विचारत होतं. घरी येऊन मी आईला हे सांगितलं. आई म्हणाली, “आणि मेथी निवडायला कुणी नव्हतं होय घरात?” पुढच्या रविवारी तिने मला मेथी निवडायला पाठवलं. बाईंनी मला हात लावू दिला नाही. तिथेच बसवून दुसऱ्या दिवशीचा धडा वाचून घेतला.

पुढे बाई निवृत्त झाल्या. मी शिकून नोकरीला लागले, भिंगार सुटलं. माझी भाची मात्र तिथेच सातवीत आहे. गेल्या जूनपासून ती दर शनिवारी आठवड्यात काय शिकली ते दोन पानं लिहून फोनवर पाठवते आणि मी रविवारी तिला प्रश्न पाठवते. या मुलीला मी जन्मापासून ओळखते, तरी तिच्या दोन पानांतून खरा प्रश्न काढायला मला अर्धा-पाऊण तास लागतो. कधी कधी दुपार होते तरी सुचत नाही. एक वही आहे माझ्याकडे. बाईंच्या डाव्या हाताला ढीग होता.