उपाशीपोटी

‘रिपोर्ट तर नॉर्मल आहे!’ हे वाक्य आमच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे आपाने, इतक्या वेळा ऐकले की पुढे पुढे तिने दुखणे सांगणेच सोडून दिले. सासरची माणसे वाईट नाहीत. दूल्हाभाई पदरमोड करून तिच्या तपासण्या करत. पण कागदावर नॉर्मल छापून आल्यावरही माणूस थकलेलाच असावा, हे कुणाला पटत नसे. “रिपोर्ट नार्मल है, तो फिर थकान काहे की?” या सासूबाईंच्या प्रश्नाला तिच्यापाशी उत्तर नव्हते. आमच्यापाशीही नव्हते.

आपाला लोहगडवाडीला दिली आहे. गडाच्या पायथ्याशी त्यांची छोटी खाणावळ. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची पोरे मळवलीला उतरून भाज्यावरून वर येतात. पावसाळ्यात तर रीघच लागते. त्या दिवशी पहाटे चारला उठून पिठल्याचे पातेले चढवायचे आणि मग दुपारपर्यंत भाकऱ्या. अशा घरात बाई सुस्तावली की तिला आजारी म्हणण्याआधी आळशी म्हणतात. २०२२ साली तिला थायरॉइडचे निदान झाले, ७५ मायक्रोग्रॅमची गोळी सुरू झाली, टीएसएचचा आकडा खाली आला आणि घरच्यांच्या लेखी आजार संपला. आपाचे केस मात्र गळतच होते. जिना चढताना धाप, दुपारी डोळ्यांवर झापड.

हा टीएसएच नीट समजून घ्यायला हवा, कारण तो उलटा चालतो. मानेतली थायरॉइड (मराठी पुस्तकातली अवटु ग्रंथी, ग्रंथीला आम्ही उर्दू वर्गात गुदूद म्हणतो) सुस्त पडली, की मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी तिला जास्त जोराने हाका मारते. त्या हाकांचे माप म्हणजे टीएसएच. वर्ग जितका झोपाळलेला, तितका मास्तरांचा आवाज मोठा. आकडा वाढला म्हणजे हार्मोन कमी, आणि आकडा फार उतरला म्हणजे हार्मोन जास्त.

२०२३च्या पावसाळ्यात एका डॉक्टरांनी आपाची तक्रार ऐकून, तपासणी न करताच गोळी ७५ची १०० केली. महिना-दीड महिन्यात छातीत धडधड, हाताला कंप, झोप उडालेली. थकवा होताच, त्यात ही भर. टीएसएच काढला तर ०.२. साधारण ०.४ ते ४ पर्यंत ठीक मानतात. डोस असा जास्त राहिला तर हृदयाची लय बिघडते, हाडे ठिसूळ होतात. तक्रार राहिली की डोस वाढवा, हा हिशेब दिसायला सरळ आहे, पण तो खरा असेलच असे नाही.

मग पुण्याला एका डॉक्टरीणबाईंना दाखवले. आम्ही सोबत होतो. बाईंनी रिपोर्टची फाइल बाजूला ठेवली आणि आधी विचारले, “गोळी कशाबरोबर घेता?” चहाबरोबर. “ठेवता कुठे?” चुलीवरच्या फळीवर. इतके साधे प्रश्न आजवर कुणी विचारले नव्हते. ही गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि नंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. चहा-कॉफी, दूध, सोयाबीन पोटात असले की ती कमी शोषली जाते. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून चार तास दूर. उष्णता आणि ओल लागली की तिचा कस उतरतो. मावळातल्या पावसाळ्यात जिथे मीठही पाझरते, तिथे चुलीवरची फळी ही तिची जागा नव्हे. डोस पुन्हा ७५ झाला. गोळीची वेळ बदलणे म्हणजे डोस बदलण्यासारखेच, म्हणून आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासायचे, त्याआधी नाही. नवा डोस अंगात स्थिरावायला तेवढा वेळ लागतो.

आणि थकव्याचे काय? बाईंनी थायरॉइड सोडून हिमोग्लोबिन पाहिले: ८.९. महिन्याचे जास्तीचे जाणे आपाने दूल्हाभाईंनाही सांगितले नव्हते, डॉक्टरांना कुठून सांगणार? टीएसएच ठीक असूनही तक्रारी उरल्या तर रक्त कमी आहे का, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व कमी आहे का, झोप होते का, मन उदास आहे का, हे पाहावे लागते. लोहाची गोळी सुरू झाली, पण रात्री.

मधल्या काळात एका जाणत्या गृहस्थांनी परदेशातून ‘नैसर्गिक’ थायरॉइड मागवण्याचा सल्ला दिला. ती गोळी बहुधा डुकराच्या ग्रंथी वाळवून करतात, हे त्यांना ठाऊक नसावे. १८९१ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या ग्रंथीचा अर्क टोचून एका बाईला बरे केले आणि ती पुढे २८ वर्षे जगली. त्या काळी दुसरा इलाजच नव्हता. १९२७ साली मात्र थायरॉक्सिन प्रयोगशाळेत तयार झाले. आजची नेहमीची गोळी तशीच, कृत्रिम आहे. तिच्या जोडीला टी-३ नावाचे दुसरे हार्मोनही काही जण देतात. पण आजवरच्या चाचण्यांत बहुतेकांना त्याचा खास फायदा दिसलेला नाही.

२०२४चा रमजान १२ मार्चला सुरू झाला तेव्हा खरी अडचण आली. चिठ्ठीवर लिहिलेले असते १-०-०. रमजानमधली सकाळ कोणती? सेहरीला पोटभर खाऊन वर गोळी घेतली तर ती उपाशीपोटी नाही, आणि दिवसा गिळली तर रोजा तुटतो. आमच्या ओळखीच्या एका खाला दरवर्षी महिनाभर गोळीच बंद ठेवत. “कुछ नहीं होता,” म्हणत. पहिल्या आठवड्यात खरेच काही होत नाही. अंगातले औषध निम्मे व्हायलाच सुमारे सात दिवस लागतात. फसगत होते ती इथेच. ईदपर्यंत अंग जड झालेले असते आणि दोष उन्हाळ्याला जातो.

बाईंनी दोन वाटा सांगितल्या: रात्रीच्या खाण्यानंतर तीन-चार तासांनी झोपताना, नाहीतर सेहरीच्या आधी अर्धा-पाऊण तास. आपाच्या घरी तरावीहनंतरही ताटे हलत असतात, म्हणून दुसरी वाट धरली. सव्वाचारला गोळी, पाचला सेहरी, लोहाची गोळी रात्री जेवणानंतर. हे सगळे आम्ही तिला उर्दूत कॅलेंडरवर लिहून दिले. औषधाच्या बाटलीवर सगळे इंग्रजीत, आणि आपाचे शिक्षण उर्दू सातवीपर्यंत. आजाऱ्याला रोजे पुढे भरून काढायची सवलत कुरआननेच दिली आहे, हेही आम्ही बोललो. ती म्हणाली, “गोळी बसतेय ना वेळेत? मग ठेवते.” एकही रोजा सुटला नाही.

ज्यांना दिवस गेले आहेत त्यांनी मात्र रमजानची किंवा कशाचीच वाट पाहू नये. गरोदरपणात डोस बहुधा वाढवावा लागतो, तोही पहिल्या काही आठवड्यांत, कारण बाळाच्या मेंदूची वाढ सुरुवातीला आईच्याच हार्मोनवर चालते. हे शाळेतल्या तरुण शिक्षिकांनाही माहीत नसते. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या आठ शहरांच्या पाहणीत, ज्यात मुंबई आणि गोवाही होते, शंभरातल्या सुमारे अकरा जणांची थायरॉइड मंद निघाली. म्हणजे प्रत्येक मोहल्ल्यात, प्रत्येक स्टाफरूममध्ये कुणीतरी आहेच.

ईदनंतर आपाची तपासणी झाली. टीएसएच २.१, हिमोग्लोबिन ११.८. केस गळणे कमी झाले, धाप गेली. गोळ्यांची बाटली आता कपाटात, कुलपाच्या कप्प्यात असते. गुडघे मात्र अजून दुखतात. त्याचा थायरॉइडशी संबंध नाही, असे डॉक्टरीणबाईंचे म्हणणे आहे. आपाचे म्हणणे वेगळे आहे.